तालुक्याच्या गावातून एएची मीटिंग कशी गाठायची?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ ३८ वर्षांचा. पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात पाच आठवडे राहून अकरा दिवसांपूर्वी घरी आला. निघताना तिथल्या समुपदेशकांनी सांगितलं, 'आता एएच्या मीटिंगला जात राहा.' एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संघटना. तुम्ही राहता सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. इंटरनेटवर एक नंबर सापडला, दोनदा लावला, कुणी उचलला नाही. भाऊ म्हणतो, 'तिथे सगळे ओळखीचेच निघतील, मी नाही जाणार.' घरात आई रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाचा वास घेते आणि त्यावरून वाद होतात. तुम्ही विचारलंय की जवळची मीटिंग कुठे भरते आणि ती शोधायची कशी.

मी २२ वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. मी स्वतः मद्यपी नाही, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सभासदही नाही. त्यांच्या खुल्या मीटिंगना मात्र पुष्कळदा बसले आहे. कितीतरी जणांना त्या दारापर्यंत पोचवायचा प्रयत्न केलाय आणि दारातून परत फिरलेलेही पाहिलेत. त्या अनुभवातून सांगते.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. मीटिंग कुठे आहे, ओळखीचं कुणी भेटलं तर काय, आणि हा तिथवर जाणार कसा. पहिला त्यातल्या त्यात सोपा. घोडं पेंड खातं ते तिसऱ्यापाशी. कागदावर पत्ता लिहून दिला की माणूस जातो असं आम्हा समुपदेशकांनाही फार वर्षं वाटायचं. १९८१ साली अमेरिकेत वीस रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. काही जणांना नेहमीसारखी मीटिंगची वेळ आणि ठिकाण सांगून 'जा' म्हटलं. बाकीच्यांच्या बाबतीत समुपदेशकाने त्याच बैठकीत एएच्या एका सभासदाला फोन लावून रुग्णाशी बोलणं करून दिलं, आणि त्या सभासदाने पहिल्या मीटिंगला सोबत करायचं ठरवलं. पत्ता मिळालेल्यांपैकी एकही जण गेला नाही. फोनवर बोललेले सगळे गेले. वीस म्हणजे फार लहान आकडा, पण माझ्या कामात मी हेच वर्षानुवर्षं बघत आलेय. म्हणून माझं सांगणं असं की मीटिंग शोधताना एक माणूस शोधा. आधी तो, मग खोली.

त्याआधी एक गोष्ट तपासा. भाऊ आज पीत नाहीये ना? तुमच्या लिहिण्यावरून तरी नाही. पण मधल्या दिवसांत पुन्हा रोजचं सुरू झालं असेल, तर मीटिंगच्या आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, थरथर, ताप असा जिवावर बेतणारा त्रास होऊ शकतो. घरात कोंडून दारू सोडवणं हा खेळ नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. कुठे न्यावं कळत नसेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा टोल-फ्री नंबर आहे, आणि मन खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६. हे दोन्ही नंबर घरात सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

आता शोधायचं कसं. पहिला फोन भावाच्या केंद्रातल्या समुपदेशकाला करा. त्यांनी 'मीटिंगला जा' म्हटलं, ते काम अर्धंच झालं. त्यांना स्पष्ट विचारा, 'आमच्या भागातून तुमच्याकडे उपचार घेऊन गेलेला, आज दारूपासून दूर असलेला आणि नव्या माणसाशी बोलायला तयार असलेला कुणी आहे का? त्याची परवानगी घेऊन आमच्या भावाशी बोलणं करून द्याल का?' बऱ्याच केंद्रांकडे अशी माणसं असतात. माझ्याकडे अशा लोकांची एक वही आहे, आणि सगळ्या कामात मी तिलाच जास्तीत जास्त जपते.

इथे दोन गोष्टींत नेहमी गल्लत होते. केंद्राचा फॉलोअप वेगळा आणि एएची मीटिंग वेगळी. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण असो, १९८१ मध्ये फादर जो परेरांनी मुंबईत वांद्र्याला सुरू केलेलं कृपा फाउंडेशन असो, किंवा दुसरं कुठलं केंद्र, फॉलोअप हा त्यांच्या उपचारांचाच पुढचा भाग असतो. तिथे समुपदेशक असतात, घरच्यांना बोलावतात, तुमच्या भावाची फाइल त्यांच्याकडे असते. एए कुठल्याच केंद्राची, रुग्णालयाची किंवा सरकारची नाही. तिथे डॉक्टर नसतो, फाइल नसते, हजेरीपट नसतो, फी नसते. दारू सोडू पाहणारे लोक एकमेकांसाठी ती चालवतात. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. तुमच्या भावाला दोन्हींचा उपयोग होईल. फॉलोअप महिन्यातून एकदा पुण्यात असला तरी तो चुकवू नका, पण मधल्या एकोणतीस संध्याकाळींचं काय, याचं उत्तर फॉलोअपमध्ये मिळत नाही.

एएची स्वतःची व्यवस्था अशी आहे. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे आणि जनरल सर्व्हिस ऑफिस, म्हणजे त्यांचं मध्यवर्ती कार्यालय, मुंबईत आहे. त्यांच्या भारतातल्या संकेतस्थळावर मीटिंगची माहिती आणि हेल्पलाइन मिळते. मोठ्या शहरांत आणि काही भागांत इंटरग्रुप नावाची त्यांची स्थानिक कार्यालयं असतात. तिथल्या लोकांना आसपासच्या तालुक्यांत नवीन काय सुरू झालंय आणि काय बंद पडलंय हे संकेतस्थळापेक्षा ताजं ठाऊक असतं. तेव्हा फोनवर 'आमच्या गावात मीटिंग आहे का' एवढंच विचारून थांबू नका. 'सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात कुठल्या वारी कुठे मराठी मीटिंग आहे, आणि आमच्या बाजूला राहणारा कुणी सभासद आहे का' असं विचारा. उत्तरात फरक पडतो.

फोन उचलला गेला नाही म्हणून नाराज होऊ नका. एएकडे पगारी माणसं बसवलेलं कॉल सेंटर नाही. स्थानिक नंबर बहुधा एखाद्या सभासदाच्याच मोबाईलचा असतो. तो दिवसा एसटी चालवत असेल, कारखान्यात पाळीवर असेल, दुकानात गिऱ्हाईक करत असेल. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान लावा. तरी नाही उचलला तर मेसेज टाका: 'एएच्या मीटिंगविषयी माहिती हवी आहे, कधी फोन करू?' उलट फोन येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आणि शक्य असेल तर तो फोन भावाने करावा. तुम्ही नंबर मिळवा, तुम्ही शेजारी बसा, पण बोलू द्या त्याला. बहिणीने केलेला फोन हा बहिणीचा निर्णय असतो, हे तिकडच्या माणसाला पहिल्या वाक्यात कळतं. तो आपुलकीने माहिती देईल आणि शेवटी म्हणेल, 'त्यांनाच फोन करायला सांगा ना.' भाऊ म्हणेल, 'मी काय बोलू?' एवढंच बोलायचं: 'मी अमुक, केंद्रातून आलोय, दारू बंद आहे, मीटिंगला यायचं आहे.' पुढचं तिकडचा माणूस सांभाळतो. त्यानेही कधीतरी असाच फोन केलेला असतो.

अनोळखी माणसाला त्रास द्यायचा म्हणून बरेच जण अडून बसतात. त्यांना मी एएची सुरुवात कशी झाली ते सांगते. १९३५ सालचा मे महिना. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला एक माणूस, बिल डब्ल्यू. नावाने ओळखला जाणारा, कामासाठी ओहायो राज्यातल्या अॅक्रनला गेला होता. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. ठरलेला व्यवहार फिसकटला आणि तो परक्या गावात, खिशात फारसे पैसे नसताना, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा राहिला. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने फोन लावायला सुरुवात केली. मागणी एकच, मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे. फोनवरून फोन होत त्याची गाठ पडली डॉ. बॉब या शल्यचिकित्सकाशी, ज्यांचं पिणं सुटत नव्हतं. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. पुढे १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि तो दिवस एएचा स्थापना दिवस मानतात. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की बिलने फोन लावला तो डॉक्टरांना वाचवायला नव्हे, स्वतःला प्यायची इच्छा आवरेना म्हणून. तुमच्या भावाचा फोन जो उचलेल, त्याचीही ती संध्याकाळ त्या फोनने बरी जाते. उपकाराचा प्रश्न येत नाही.

पत्ता मिळाल्यावरची माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका रुग्णाला मी चिठ्ठीवर मीटिंगचा पत्ता लिहून दिला. गुरुवार, संध्याकाळी सात, एका शाळेची खोली. माहिती माझ्या वहीत सहा महिन्यांपूर्वीची होती. तो भर पावसात एकटा गेला. शाळेला कुलूप. रखवालदाराला विचारलं, तर त्याला काही माहीत नाही. मीटिंग दुसऱ्या जागी हलली होती. परत येताना वाटेत परमिट रूम होती. आठ महिन्यांनी तो पुन्हा दाखल झाला तेव्हा मला हे कळलं. तो म्हणाला, 'मॅडम, त्या कुलपाकडे बघून मला वाटलं, माझ्यासाठी हेही बंद आहे.' ते वाक्य आजही माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून ज्या दिवशी मीटिंग त्याच दिवशी दुपारी फोन करून खात्री केल्याशिवाय मी कुणालाही पाठवत नाही. मीटिंगच्या जागा उसन्या असतात, शाळेची खोली, चर्चचा हॉल, दवाखान्याचा वरचा मजला, एखादं समाजमंदिर. परीक्षा आल्या, निवडणूक लागली, गणपतीचा मांडव पडला की जागा बदलते. तेव्हा त्या दिवशी फोन कराच, आणि 'स्टँडवर किंवा दाराशी कुणी भेटेल का' हेही विचारा. नव्या माणसासाठी बहुतेक ग्रुप आनंदाने कुणाला तरी पाठवतात.

आता ओळखीचे निघण्याची भीती. यावर ठरलेलं उत्तर असतं, की ओळखीचा निघाला तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. हे खरं आहे, पण तेवढ्याने कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. तालुक्याच्या गावात माणूस आत कोण भेटेल यापेक्षा आत जाताना कोण बघेल याला जास्त घाबरतो. आपण पितो हे सगळ्या गावाला माहीत असतं, अनेकदा गटारीतून उचलून आणणारे हात गावातलेच असतात, पण आपण ते मान्य केलंय हे गावाला कळू नये असं त्याला वाटत असतं. या लाजेला हसू नका आणि 'पिताना लाज वाटली नाही का' असंही म्हणू नका. तिला वाट काढून द्या. पहिले तीन-चार महिने चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावच्या मीटिंगला जाऊ दे. माझ्या ओळखीचे एक शिक्षक वर्षभर दर शनिवारी एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात मीटिंगला जायचे आणि घरी सांगायचे की पतपेढीचं काम आहे. पुढे त्यांनी स्वतःच्याच गावात ग्रुप सुरू केला.

गुप्ततेबद्दल पूर्ण खरं सांगायचं तर ती कायद्याने नाही, शिस्तीने पाळली जाते. 'इथे ऐकलेलं इथेच राहू द्या' हे मीटिंगमध्ये पुन्हा पुन्हा सांगतात आणि लोक ते मनापासून पाळतात, कारण प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी त्या खोलीत ठेवलेलं असतं. तरी माणसं माणसंच. इतक्या वर्षांत बाहेर बोलल्याची तक्रार माझ्याकडे आली ती दोनदा. म्हणून पहिल्या काही मीटिंगमध्ये भावाने फक्त पहिलं नाव सांगावं. आडनाव, गाव, नोकरी कुणी विचारत नाही आणि सांगायची गरजही नाही.

तिथे होतं काय, हे आधी माहीत असलं की पाय जरा हलके होतात. आठ-दहा माणसं, कधी चारच, गोल किंवा रांगेत खुर्च्या. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. शांतीची प्रार्थना होते, मग एखादा उतारा किंवा बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारू सोडून जगण्याच्या एएच्या कार्यक्रमातली, एक पायरी वाचतात. मग एकेक जण नाव सांगून बोलतो. आपलं काय झालं होतं, कसं थांबलं, आज काय चाललंय. याला ते शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तुमच्या भावाची पाळी आली आणि त्याने 'आज मी फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं. शेवटी एक झोळी किंवा डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. खोलीचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. देवाचा उल्लेख येतो, आणि तो ऐकून काही जण बिचकतात. त्यांच्या पायऱ्यांमध्येच 'आपल्याला समजेल तसा ईश्वर' असं म्हटलंय. मी तिथे वारकरी पाहिलेत, ख्रिस्ती पाहिलेत, आणि ग्रुपलाच आपली उच्चशक्ती मानणारे पक्के नास्तिकही पाहिलेत.

फोनवर विचारताना मीटिंग खुली आहे की बंद हेही विचारा. बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. खुल्या मीटिंगला घरचे, डॉक्टर, आमच्यासारखे लोक बसू शकतात. पहिल्यांदा सोबत म्हणून तुम्हाला जायचं असेल तर खुली निवडा. मात्र मीटिंग संपल्यावर पाच मिनिटं बाहेर जा आणि त्याला तिथल्या लोकांशी एकटं बोलू द्या. खरं काम पुष्कळदा त्या पाच मिनिटांत, चहाच्या कपावर होतं. तिथेच कुणीतरी आपला नंबर देतो आणि म्हणतो, 'प्यावंसं वाटलं तर पिण्याआधी फोन कर.'

पहिली मीटिंग आवडली नाही तर? शक्यता बरीच आहे. एखाद्या ग्रुपमध्ये सगळे साठीचे असतात, एखाद्यात एकच जण पाऊण तास बोलतो, एखाद्यात भाषा जुळत नाही. मी माझ्या रुग्णांकडून वचन घेते ते सहा मीटिंगचं, जमलं तर दोन वेगवेगळ्या ग्रुपमधल्या. सहानंतर नको वाटलं तर आपण दुसरं काही बघू. पुण्या-मुंबईत 'नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग' असं सांगतात. तिथे रोज कुठे ना कुठे मीटिंग असते, इंग्रजी, हिंदी, मराठी. तुमच्याकडे ते शक्य नाही आणि त्याचं ओझं घेऊ नका. तुमच्या भावासाठी मी आखलं असतं ते असं: आठवड्यात एक प्रत्यक्ष मीटिंग, जमली तर दोन, दोन ऑनलाइन, आणि रोज एका सभासदाला पाच मिनिटांचा फोन. किती जमेल हे त्याच्या कामाच्या वेळेवर, पैशांवर आणि एसटीवर अवलंबून आहे. पगाराचा दिवस, गावची जत्रा आणि लग्नाचं घर, हे तीन दिवस मात्र आधीच ओळखून त्या दिवशी फोन किंवा मीटिंग ठरवून टाका.

ऑनलाइनबद्दल. २०२० च्या लॉकडाउनमध्ये खोल्या बंद झाल्या तेव्हा एएचे ग्रुप मोबाईलवर आले आणि बरेच तिथेच टिकले. मराठीतही मीटिंग भरतात, आणि त्यांत दुबईहून, अमेरिकेहून आपली माणसं येतात, जिथे त्यांना आपल्या भाषेत दारूबद्दल बोलायला दुसरी जागा नसते. कॅमेरा बंद ठेवून बसता येतं, म्हणून लाजणाऱ्यासाठी ही चांगली पहिली पायरी आहे. माझ्या अनुभवात फक्त कॅमेरा बंद ठेवून महिनोन्महिने ऐकणारे मात्र पुढे विरळ होत जातात. तेव्हा पहिल्या महिन्यात एकदा तरी समोरासमोर भेट होईल असं बघा.

आणि खरंच आसपास काहीच नसेल तर? एएच्या परंपरेप्रमाणे दोन-तीन मद्यपी दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र बसले की तो ग्रुप होऊ शकतो. अकरा दिवसांच्या माणसाने ग्रुप सुरू करावा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या तालुक्यात दारू सोडलेला एखादा जुना माणूस सापडला आणि दोघं आठवड्यातून एकदा देवळाच्या ओट्यावर तासभर बसले, तर तेही पुष्कळ आहे.

एए प्रत्येकालाच लागू पडते का? नाही. काहींना समुपदेशन आणि औषधांनी जमतं, काहींचं नैराश्य आधी बरं व्हावं लागतं. पण २०२० साली वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. आमच्यासारख्यांनी 'जा' म्हणून सोडून देऊ नये, असाच मी त्याचा अर्थ घेते.

औषधांबाबत एक सावधगिरी. भावाला गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मीटिंगमधला एखादा उत्साही सभासद म्हणेल, 'गोळ्या कशाला, मीटिंगला ये, पुरे.' एएची स्वतःची भूमिका अशी आहे की कुणीही डॉक्टरकी करू नये. आणि दारू पिताच त्रास व्हावा म्हणून देतात ती डायसल्फिरामची गोळी त्याच्या नकळत भाजीत किंवा चहात घालायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. वर दारू गेली तर जीव जाऊ शकतो.

आता तुमच्याबद्दल आणि आईंबद्दल. आई वास घेतात ते भीतीपोटी, मला कळतं. पाच आठवड्यांत त्याच्यावर उपचार झाले, त्यांच्यावर कुठे झाले? त्यांची झोप अजून त्याच्या पावलांच्या आवाजावर अडकलेली असणार. मद्यपींच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप आहेत. १९५१ साली बिल यांची पत्नी लोईस आणि तिच्या एका मैत्रिणीने ते सुरू केले. नवऱ्यांच्या मीटिंग चालू असताना बाहेर थांबलेल्या बायका आपसांत बोलू लागल्या, तिथून ते उगवलं. महाराष्ट्रात आणि गोव्यात अल-अनॉनचे ग्रुप आहेत, ऑनलाइनही आहेत. एएच्या त्याच फोनवर विचारा, माहिती मिळेल. तुम्ही स्वतः एक मीटिंग गाठली की 'तू का जात नाहीस' हे वाक्य घरातून आपोआप कमी होतं. तोवर आईंशी एवढंच ठरवा, वास घ्यायचा नाही. शंका आली तर सरळ विचारायचं, एकदाच. आणि मीटिंगहून आला की 'काय झालं तिथे' असं विचारायचं नाही. जेवायला वाढायचं.

मधे घसरला, म्हणजे त्यांच्या भाषेत स्लिप झाली, तर मीटिंगचं दार बंद होत नाही. उलट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फोन करायचा आणि जे झालं ते तिथे सांगायचं. मी पाहिलंय, पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरची लाज माणसाला जास्त दिवस पाजते. पण पुन्हा रोजचं प्यायला लागला, हात थरथरू लागले, तर वर लिहिलं तसं आधी डॉक्टर.

तर या आठवड्यात क्रम असा ठेवा. उद्या सकाळी केंद्राच्या समुपदेशकांना फोन. संध्याकाळी सातनंतर एएच्या नंबरवर भावाचा फोन, तुम्ही शेजारी. जो माणूस बोलेल त्याच्याशी एक वार ठरवायचा. त्या दिवशी दुपारी खात्रीचा फोन. आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवा, किंवा कुणाची गाडी सांगून ठेवा. मीटिंग साडेआठला सुटली तरी पहिल्या दिवशी लोक नव्या माणसाला लवकर सोडत नाहीत, आणि गाडी चुकेल म्हणून त्याला मधेच उठावं लागू नये.